ओहोटीची वेळ

धंदा कसा सुरू करायचा, विचारतेस, तेजस्विनी,
वही उघडून, पेनाचं टोपण दातात धरून.
लिही मग.
आधी अर्धं दुकान.
माझं अर्धं अमळनेरला, स्टेशनरोडवर.
उरलेल्या अर्ध्यात वामन शिंपी शिलाई मशिनी दुरुस्त करायचा
आणि माझ्या भारताच्या नकाशावर
तेलाचे थेंब उडायचे.
ओडिशाजवळ अजून एक डाग आहे, बघ.
गिऱ्हाईक त्याला सरोवर समजतं. समजू दे.

नाव ठेवलं बोरी टूर्स.
मेहुणे हसले. म्हणाले,
जी नदी आठ महिने गावातच पडून असते
तिच्या नावावर कोण निघेल घराबाहेर?

कोर्स मीही केलेला, धुळ्याला, तीन महिने.
विमानतळांची तीन अक्षरी नावं
झोपेतून उठवून विचारलीस तरी सांगेन.
पहिला महिनाभर लोकांनी विचारलं,
झेरॉक्स आहे का.
किंवा बॉबिन.

मग मारवडहून झेलाबाई आली,
मागे सहा जणी, भिशीचे पैसे रुमालात.
"माले समुद्र देखना शे."
एवढंच. बसलीसुद्धा नाही.

मी समुद्र पाहिलेला नव्हता.
हे लिहू नकोस.
नाही, लिही.

नकाशावर तापीवर बोट ठेवलं
आणि सरकवत नेलं मावळतीकडे:
प्रकाशा, उकाई, सुरत, मग नुसता निळा रंग.
ही रोज जाते, म्हटलं, रिझर्व्हेशनशिवाय.
माणशी माझे चाळीस रुपये धरले,
ते उच्चारताना घसा कोरडा पडला.

दुपारी दोनला डुमसला उतरलो.
समुद्र नव्हता.
काळा चिखल, थेट आभाळाला टेकलेला,
एक उंट, भज्यांच्या गाड्या, चार कुत्री,
आणि समुद्र नव्हता.
"समुद्र कथा गया वं?"
मला काय माहीत.
तीन अक्षरी नावांत तो नव्हता.
भजीवाला झाऱ्यावरून नजर न काढता म्हणाला,
येईल पाच-साडेपाचला.
पॅसेंजरबद्दल सांगावं तसं.

आमची परतीची गाडी सहाची.

कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं.
त्यांनी वाळूत जुनं लुगडं अंथरलं,
कळण्याच्या भाकरी सोडल्या, ठेचा सोडला,
पहिली भाकरी माझ्या हातावर ठेवली.
त्या तीन तासांत कळलं,
कुणाचा गुडघा जिना चढत नाही,
कोण सकाळपासून पाणीच प्यायली नाही
कारण बाथरूम कुठे ते विचारायची लाज,
कुणाला खिडकी हवी असते आणि ती मागत नाही.
हे सगळं पुढे मी नावापुढे पेन्सिलीने लिहीत आले.
माझी खरी वही ती.

मग तो आला.
कॅलेंडरातल्यासारखा नाही,
पातळ, गढूळ, चोरपावलांनी,
आधी उंटाच्या पायाशी, मग आमच्या.
झेलाबाईने ओंजळीत घेतला, चाखला, थुंकली.
"हाई ते आपली तापीनंच पाणी शे.
खारं कोन्ही करं?"
सहाही जणींनी चाखून खात्री केली.

गाडी गेली.
रात्र सुरतच्या फलाटावर,
दोनशे ऐंशी रुपये नफ्याचे चहात आणि नव्या तिकिटांत,
वर माझी चाळीसची पदरमोड.
सकाळी अमळनेरला उतरताना
शिव्या खायची तयारी ठेवली होती मी.
झेलाबाईने विचारलं,
"पुढला साल कथा लई जाशी?"

परवाना, खातं, बँकेतली अनामत,
ते तुला कुणीही सांगेल, चहा घेता घेता.
माझ्या काचेखाली भरती-ओहोटीचं कोष्टक आहे,
अमळनेरपासून समुद्र तीन जिल्हे लांब असून.
वामन अजून हसतो त्याला.

पेन ठेव जरा.
काल झेलाबाईचा फोन होता.
मनालीला निघालोय या वैशाखात, बावीस जणी.
तिला एकच विचारायचं होतं:
बरफ कितला वाजता ऱ्हास?