दुभाषी

इल्झे, तुझं निम्मं बोलणं मी पोरांना
चुकीचं सांगितलं.
तू विचारलंस, तुमचं स्वप्न काय?
मी म्हणालो, सुटीत काय करता, विचारतेय.
हिलाल म्हणाला, "काय नही, खळामा क्रिकेट."
तुला सांगितलं, खेळाडू व्हायचंय त्याला.
तू वहीत लिहिलंस. खाली रेघ मारलीस.

शिंदखेड्याचा मे.
तू शाळेची भिंत निळी रंगवत होतीस,
नाक सोललेलं,
डोक्याला भटूच्या आईचं ओलं फडकं.
सावलीत बसून पोरं पैजा लावत होती
तुझ्या देशात जूनमध्ये रात्रच होत नाही
यावर.

कळण्याची दुसरी भाकरी तू मागून घेतलीस.
ठेच्याने रडलीस
आणि योगिताच्या ओढणीला डोळे पुसलेस.
तिथे माझं काम नव्हतं.

निळा रंग दोन उन्हाळ्यांत पापुद्र्यांनी सुटला.
हिलाल सुरतेला असतो, रात्रपाळीला.
परवा फोन आला त्याचा,
"इल्झेनी सपन इचारेल व्हतं ना रे?"

म्हणजे तेव्हाच कळलं होतं त्याला.
मी गप्प.
त्याच्यामागे यंत्रमाग खडखडत होते.

"आठे भी रात नही व्हस,
सांग तिले."