खांबावरून

तारा उकळायला टाकल्यात.
चहाच्या भांड्यात नव्हे, कुंदानं
वेगळा काढून दिलेला कान मोडलेला टोप आहे,
त्यात चारही वेटोळी घालून बसल्यात
आणि तीन वर्षांचा घाम सोडतायत.
नव्या संचाला साडेतीन हजार पडतात.
वीज खात्याचं पेन्शन आहे, नाही असं नाही,
पण उकळलेली तार पंधरा दिवस
नव्यासारखी बोलते, आणि मला
त्याहून लांबचं काही ठरवायचं नसतं आता.

बेस घेतला शहात्तर साली, मडगावात,
बोटीवरून परतलेल्या एका खलाशाकडून,
पाचशे रुपये वर एक मनगटी घड्याळ.
तो म्हणाला, गिटार आहे.
फोंड्याला घरी येऊन मोजल्या, तारा चारच.
दोन हरवल्या असतील असं धरून
महिनाभर दुकानं पालथी घातली.
मग इनासियोनं कपाळाला हात लावला:
अरे फोंडेकारा, हे गाणारं नव्हे,
हे धरून ठेवणारं.

अँप्लिफायर शिरोड्याच्या रेडिओवाल्यानं जोडला.
पेटी फणसाच्या लाकडाची,
दोन माणसांनी उचलायची,
आणि ती दोन माणसं बहुतेक वेळा मीच.
डॉक्टर पाठीचा एक्स-रे दिव्यासमोर धरतो,
कुठला मणका, किती दबलाय ते दाखवतो.
मी मनात म्हणतो, हा कुंकळ्ळीचा जिना,
हा त्याखालचा बाणावलीची वाळू.

पाच बँड झाले.
एक कुवेतला गेला, गायकासकट.
एक गायिकेच्याच लग्नात वाजवून
तिथंच संपला, जेवण मात्र उत्तम होतं.
फोटो आहेत ढीगभर.
त्यांत मी म्हणजे
ट्रम्पेटच्या मागून आलेलं एक कोपर.

लोटलीच्या लग्नात मासुर्काच्या मधोमध वीज गेली.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, बँडवाला म्हणून नव्हे.
कोट काढला, टाय राहिली,
नवऱ्याच्या काकानं शिडी धरली
आणि मी खांबावर.

खाली ते थांबले नव्हते.
इनासियोचा ट्रम्पेट, लुर्दिनचे ड्रम्स,
त्यांना कुठं वीज लागते.
दातांत पक्कड धरून, काळोखात, माडांच्या उंचीवरून
मी आमचा बँड पहिल्यांदा ऐकला.
बाहेरून. माझ्यावाचून.

चांगला वाजत होता, खरं सांगतो.
कुणाचं काही अडलं नव्हतं.
फक्त नाचणाऱ्यांची पावलं
जरा वरच्या वर पडत होती,
ओल्या फरशीवर चालावं तशी,
खाली जमीन आहे ना, हे चाचपत.

जोडणीची तार हातात तयार होती.
मी दोन मिनिटं उशीर केला.
हे कुंदालाही सांगितलेलं नाही.

मग दिवे आले. टाळ्या पडल्या, दिव्यांसाठी.
उतरलो, पट्टा गळ्यात घातला,
आणि जिथं ते होते तिथंच शिरलो, खालून.
एक म्हातारी बाई, चुकत चुकत नाचणारी,
एकदम नीट नाचायला लागली.
तिनं वर पाहिलंही नाही.

इनासियो आता स्विंडनला, लेकीकडे.
तिथं ट्रम्पेट वाजवला की शेजारी भिंत ठोकतात,
म्हणून गाडीत बसून, काचा लावून वाजवतो
आणि मला फोनवर पाठवतो.
मी त्याच्याखाली बेस भरून परत पाठवतो.
पण मला ठाऊक आहे,
फोनच्या त्या एवढ्याशा भोकातून
जाडी तार जात नाही. वायरमन आहे मी.
तो म्हणतो, आलं रे, सगळं ऐकू आलं.
खोटं बोलतो.
ट्रम्पेटवाले पहिल्यापासून तसेच.

पाणी काळपट झालंय.
कुंदा आतून ओरडते,
गॅस बारीक करा, घराला लोखंडाचा वास येतोय.