बाईंना विचारणे

तुंगारेंच्या फायलीत एक लेयर असायची, पिवळी.
नाव : बाईंना विचारणे.
तिच्यात दार डावं की उजवं, ओट्याखालचा नळ,
देवघराची दिशा,
आणि एकदा एक अख्खी बाल्कनी,
जी ठेवायची की नाही हे
क्लायंट नवराबायकोत ठरत नव्हतं.
प्रिंट काढताना ती लेयर बंद करायची.
बाई म्हणजे मी.
बावीस वर्षं माझं न ठरणं
त्यांनी असं पिवळं जपलं.

नव्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं
ऑफिसच्या चार महिन्यांच्या भाड्याइतकं.
वर त्यात लेयरच नाहीत.
अल्फिया कोंढव्याहून येते, चोवीस वर्षांची. सांगते,
काका, रेघ मारायची नाही. भिंत बांधायची.
आणि भिंत लगेच विचारते :
विटेची की ब्लॉकची?
गिलावा किती मिलिमीटर?
कुठून उगवू, कुठवर जाऊ?
तुंगारे माउसवरचा हात काढून घेतात,
अनोळखी माणसानं एकदम पगार विचारावा तसे.
नळस्टॉपवरून मेट्रो जाते.
खिडकीची काच जरा थरथरते, भिंत नाही.

सरावाला जुनं काम घ्या म्हणाले होते.
आम्ही बावधनचा दळवींचा बंगला घेतला,
बांधून, राहून, एकदा रंगवूनही झालेला.
तीन दिवसांत तो पुन्हा उभा राहिला, राखाडी, बिनमाणसांचा.
अल्फियानं तो उलटा केला
मांजराचं पोट बघावं तसा,
आणि जिन्याच्या नवव्या पायरीवर
बीम लाल झाला.
डोक्याला जागा : एक मीटर ऐंशी.

मी म्हटलं, मॉडेल चुकलं असेल.
तुंगारे म्हणाले, नाही, बरोबर आहे.
दळवींनी तिथे फोम लावलाय, वरून मखमल.
वास्तुशांतीलाच जावयाच्या कपाळाला लागलं होतं.

तुम्हाला माहीत होतं?

गवंडी बोलला होता आधी. मी पिवळ्यात टाकलं होतं.
तुमच्या आई तेव्हा हॉस्पिटलात होत्या.
नंतर घाईनं प्रिंट निघाली.

प्रिंटमध्ये पिवळं येत नाही.

त्यावर कुणी काही बोललं नाही.
खाली झेरॉक्सवाल्याचं मशीन
कुणाची तरी मार्कशीट पुन्हा पुन्हा काढत राहिलं.

दुपारी अल्फियानं भिंतीचा एक नवा प्रकार केला.
जाडी दीडशे. साहित्य : माहीत नाही. रंग पिवळा.
सॉफ्टवेअरनं नाव मागितलं तेव्हा
तिनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही,
मराठी कीबोर्ड लावला, एकेक अक्षर शोधत टाइप केलं.

हा प्रकार बंद करता येत नाही.
तो प्रिंटमध्ये येतो, सेक्शनमध्ये येतो,
यादीत येतो, नगासकट.

सहा वाजता चहा यायच्या आधी
तुंगारे यादी उघडतात, मान वर न करता सांगतात,
अकरा आहेत, बाई.

मी चष्मा शोधते.