मागची सीट पाडल्यावर

प्रश्न तेच असतात. एकोणीस वर्षं झाली
डलूथच्या या चढावर, सरोवराकडे तोंड करून
मी गाड्या विकतो,
आणि तीन सिलिंडर म्हटलं की माणसाचा चेहरा
अजून तसाच पडतो.
तीनच? हा चढ चढेल?
मी म्हणतो, टर्बो आहे. मूर्ती लहान.
पुढचं ज्याचं तो जुळवून घेतो.

ॲव्हरेज किती देते? कागदावरचा आकडा सांगतो.
नाही, खरं किती? मग जानेवारीतला सांगतो.
चारही चाकांना ताकद हवी, की पुढची दोन पुरतील?
तुमच्या गल्लीत बर्फ काढणारा किती वाजता येतो
त्यावर आहे, म्हणतो.
स्टेपनी? नसते. पंपाची डबी असते.
इथे सगळेच जरा गप्प होतात.

ऑर्विल टोर्वाल्ड दर वसंतात येतो. बोट ओढेल का?
नाही.
छोटी बोट आहे.
नाही, ऑर्विल.
रिकामी असली तर?
एक जोडपं विचारून गेलं, बाळांच्या दोन सीट बसतील का,
तिच्याकडे बघून तर एकीचीही गरज वाटत नव्हती.
बसतील, म्हटलं. पुढच्यानं गुडघे पोटाशी घ्यायचे.

मंगळवारी मार्लिस कोस्केला आली.
साठीची. निळा जाड कोट, हातात शिंप्याची टेप.
किंमत नाही, रंग नाही, मायलेज नाही.
म्हणाली, मागची सीट पाडून दाखवा.
पाडली. पूर्ण सपाट होत नाही,
दोन बोटं उंचवटा राहतो, हे मी आपणहून सांगितलं,
का कोण जाणे.
तिनं टेप लावली, पुटपुटली,
मग बूट काढून फरशीवर शेजारी शेजारी ठेवले
आणि कोटासकट आत जाऊन आडवी झाली.
दार लावा, म्हणाली.

लावलं. काचेतून तिचे मोजे दिसत होते,
एका टाचेला दुसऱ्याच रंगाचं रफू.
ड्वाइट कॉफी घेऊन जाताना थबकला,
मी त्याला हातानंच पिटाळलं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
तिनं आधी पसरले, मग तिरके केले,
मग जवळ ओढून घेतले.

आतून टकटक.
हा दिवा इथून, पडल्या पडल्या, बंद होतो का?
एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मला माहीत नव्हतं. मी पुस्तिका उघडली,
पानं चिकटलेली होती.
होतो, म्हणालो. डावीकडचं बटण.
तिनं दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं.

रोचेस्टरच्या हॉस्पिटलचं पार्किंग रात्रभर उघडं असतं,
ती म्हणाली, मला नव्हे, गाडीच्या छताला.
हॉटेलवाले फार घेतात.
सहा आठवडे, असं म्हणालेत.
कोण म्हणालेत, कुणासाठी, मी विचारलं नाही.
विचारायचं काम गिऱ्हाइकाचं.

बूट घालताना एक साखळी अडकली.
तिनं वर न बघता विचारलं,
आणि दोन महिन्यांनी परत आणली, तर किती द्याल?

याचं उत्तर मला झोपेतही देता येतं.
गाडी दाराबाहेर पडली की किंमत पडते,
टक्के पाठ आहेत.
मी खाली बसून ती साखळी ओढत राहिलो.