परतीची शिदोरी

इलानग्वाकच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं.
उरलेलं दीड वर हिमपठारावर राहिलं,
नकाशे काढायला आलेल्या परदेश्यांच्या मोहिमेत.
त्याबद्दल तो बोलत नाही.
बोलतो रॉकेलबद्दल.

"एका डब्यात अकरा दिवस.
चहा म्हणजे बर्फ वितळेपर्यंतच, उकळी ही चैन.
पातेल्यावर झाकण नसलं
तर मोहिमेच्या साहेबालाही दटावायचो आम्ही."

मी शिडीवर. तो खाली, पालथ्या बादलीवर.
शाळेच्या दक्षिण भिंतीला आठवं पॅनेल
उभंच ठोकतेय मी, आरशासारखं.
आडव्यावर बर्फ बसून राहतो;
उभ्याला समोरचा गोठलेला फ्योर्डही
उजेड परत करतो, न मागता.

पलीकडे जनरेटरची धडधड.
ऑगस्टात एकदा जहाज येतं, वर्षाचं डिझेल उतरवतं.
ते जाळत आम्ही हिवाळा काढतो,
आणि खाडीच्या बर्फाला
काठीने ठोकून विचारतो,
स्लेज पेलशील का रे, यंदा?

"जाताना दर तीन मुक्कामांना शिदोरी पुरायची,"
इलानग्वाक सांगतो.
"सीलचं मांस, रॉकेल, मेणकापडात काडेपेटी.
वर बांबू, बांबूला काळं फडकं.
भूक लागली तरी हात लावायचा नाही.
ते परतणाऱ्याचं."
"परतणारे तुम्हीच ना?"
"जाणारा वेगळा असतो, तुकुमेक.
परतणारा वाळलेला, अर्धा आंधळा, चिडका.
त्याला आपण ओळखत नाही.
तरी पुरायची."

एकदा फडकं दिसलंच नाही.
बर्फ सरकला होता, शिदोरीसकट, दीडशे पावलं.
सापडेपर्यंत दोन कुत्रे, आणि—
तो हाताकडे बघतो. मी स्क्रूकडे.

नोव्हेंबरात सूर्य नसतो.
तेव्हा ही पॅनेलं नुसत्या काळ्या पाट्या;
नगरपालिकेच्या माणसापासूनही लपवलं नाही मी हे.
मग टेकडीवरची पवनचक्की.
तिच्या पात्यांवर बर्फ धरला तर पुन्हा धडधड.
अर्धं डिझेल वाचेल, असा हिशेब आहे.
कदाचित तिसरा हिस्सा.
दूरच्या मोठ्या शहरांच्या धुरापुढे
एका शाळेचे दिवे म्हणजे काय?
पातेल्यावरचं झाकण.

दोन वाजता मी जनरेटर बंद केला.
गाव इतकं गप्प झालं
की साखळीवरची कुत्री उठून उभी राहिली.
वर्गातून कोणी पोर ओरडलं,
"गेले नाहीत! दिवे गेले नाहीत!"

इलानग्वाकने कचऱ्याच्या काळ्या पिशवीची
एक पट्टी फाडली,
साडेतीन बोटांनी, वेळ घेत,
पॅनेलच्या चौकटीला बांधली.
"हे कशाला?"
"बर्फ सरकतो," तो म्हणाला,
आणि चहा मागितला.
उकळलेला.