देठ

पद्मपाणीच्या हातातलं कमळ मी खोडलं
आणि तिथं मोबाईल दिला.
पडद्याचा उजेड हनुवटीवर, खालून,
जरासा निळा.
मुकुटातल्या मोत्यांखाली बारकोड.
सतरा नंबरातली अप्सरा आणून वर उडवली,
पाठीवर चौकोनी पिशवी,
पत्ता सापडत नसल्यासारखी मान वळलेली
(ती लेण्यातही तशीच आहे).
मरणाऱ्या राणीच्या उशाशी खोकं:
फोडण्याआधी व्हिडिओ काढा.

औरंगाबादला सर म्हणाले, धाडसी.
मी चित्र गुंडाळून फर्दापूरला नेलं,
कडुबा पेंटरकडं.
फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या पाट्या बंद.
गारगोट्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यात
पंधरा बाय वीसचे पद्मपाणी,
सहाशे सांगायचे, साडेतीनशेला सोडायचे,
एकतीस वर्षं.

वाटलं, चिडतील.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"एक नंबरच्या छताला बघ कधी नीट.
परदेशी बाबा बसलाय पेला घेऊन,
पायात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे.
ते काय बुद्धानं घालायला सांगितले व्हय?
आन् तिथला निळा रंग?
उंटावर लादून आला, पैसे मोजून.
बाजार तवाबी आतच होता, पोरी.
तुझं चुकलंय ते दुसरंच."

मग चित्रावर नख ठेवलं.
"ही बोटं अजून देठच धरायलीत.
मोबाईलचं वजन आलंच नाही त्यांच्यात."

स्वतःचा फोन उचलून धरला,
काच तडकलेली, भोवती रबर,
दाढीच्या आरशात बघितलं,
पेन्सिलीनं अंगठा जाड केला, खोडला,
पुन्हा जाड केला.
"हां, आता मोबाईल दिसायलाय.
पण मग ह्यो पद्मपाणी नाही राहिला.
कुणीबी झाला.
माझा जावई झाला."
हसले. खोडरबर माझ्या हातात दिला
आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठले.

संध्याकाळच्या सिल्लोड गाडीत
समोरच्या सीटवर एक बाई,
मांडीवर मिरचीच्या भज्यांचा कागद.
फोन वाजला.
तेल लागू नये म्हणून तिनं तो
दोन बोटांच्या शेंड्यांनी कोपऱ्याला उचलला,
मोडेल की काय असा,
मान कलती करून, पापण्या खाली,
"हां. गोळेगाव गेलं आत्ता.
भात टाक."

मी गुंडाळी उलगडायला गेले.
गाडीत दिवे नव्हते.