वजनाचा रकाना

पेशंटचं नाव लिहायचं नसतं, फक्त आद्याक्षरं.
रा. भू. म. वय बावन्न. लिंग: स्त्री.
वजन — इथं पेन थांबतं.

"किलो किती, मावशी?"
राजमती मगदूम खाटेवर हसते, कपाळाला नऊ टाके.
"दिवाळीला मार्केट यार्डात काट्यावर चढलो होतो,
गुळाच्या रव्यांशेजारी. दीड रवा भरलो."
तीसचा रवा. म्हणजे पंचेचाळीस.

झोपेची गोळी मालकांना होती, मग हिलाही तीच दिली,
तेवढीच.
भूपाल मगदूम, उद्यमनगरात फौंड्रीवर मोल्डर,
ब्याऐंशी किलो, पंजे खोऱ्यासारखे.
त्यांच्या अंगात ती पहाटेपर्यंत विरघळून जाते.
हिच्या अंगात साडेपाचलाही गोळी जागी
आणि बाई झोपेत.
गंगावेशीत दुधाला तांब्या घेऊन उभी होती.
"रस्ता मऊ झाला बघ," म्हणते, "आणि पडलो.
म्हैस बिचारी बाजूला सरली."

आलो, गेलो, पडलो.
बोलण्यात आम्ही कोल्हापूरच्या बायका गडीच.
फॉर्मवर मी 'पडल्या' असं शुद्ध लिहिते.
गोळीला कुठलंच व्याकरण येत नाही.

पायताण घ्यायला गेलं
तर आधी पाऊल कागदावर ठेवायला लावतात.
ब्लाऊजला शिंपी चौदा मापं घेतो
आणि तरी काखेत काचतंच.
ही गोळी पहिल्यांदा कुणाच्या अंगावर बेतली असेल?
कुणा धडधाकट गड्याच्या,
ज्याला पाळी नाही, दिवस जाणं नाही.
बायकांचं शरीर गुंतागुंतीचं, म्हणून त्यांना वगळलं म्हणे.
गुंता सोडवायचा सोडून
वेणीच कापली.

साहेब सही करताना विचारतात,
"बायकांचेच फॉर्म जास्त कसे हो?
बोलतात जास्त, म्हणून असेल."
बोलतात?
तीन आठवडे हिनं सकाळची गुंगी कुणाला सांगितली नाही.
भाकरी करपली तर म्हणाली, पीठ जुनं आहे.
जिन्यावर तोल गेला तर म्हणाली, पायरी उंच आहे.

मी मान वळवून खोकते.
कोरडा खोकला. पावणेतीन महिने,
बीपीची गोळी सुरू झाली तेव्हापासून.
सासूबाई म्हणतात, चिंच सोड.
पोरगा म्हणतो, गुऱ्हाळांचा धूर.
दिराला तीच गोळी आहे,
तो रात्रभर घोरतो, खोकत नाही,
म्हणून माझा खोकला घरात कुणी धरत नाही.
मीही धरला नव्हता.
रोज दुसऱ्यांचे फॉर्म भरते मी. नोकरीच ही.

राजमती मावशी बघत राहते.
"तुझा बी लिही की एक."

दुसरा कोरा फॉर्म ओढते.
आद्याक्षरं. वय. लिंग.
वजन.
वॉर्डातल्या काट्याची सुई गेल्या वर्षीपासून बत्तिसावर अडकलीय,
वर कुणीही उभं राहो.

"मावशी, यार्डात गुळाचे सौदे
किती वाजेपर्यंत चालतात?"